एका शब्दात ऐकणारी

अण्णा, तुमच्या नातीसाठी एक हातात धरायचा गेम घ्यायचा होता, तिथून हे सगळं सुरू झालं. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. तुम्ही गेलात त्यानंतर कितीतरी वर्षांनी, आम्ही आशा सोडून दिल्यावर ती झाली, आणि आता बालवाडी संपवून मोठ्या गटात गेली आहे. आम्ही मांजरी गावात राहतो. तुम्हाला आठवत असेल ती मांजरी म्हणजे ऊस आणि बाभळी. आता त्याच उसाच्या मधोमध उंच उंच इमारती उभ्या आहेत आणि त्यातल्या एकीत आमचं घर आहे. सासूबाई गॅलरीत उभ्या राहून कुणाचं रान कुठे होतं ते बोटाने दाखवतात आणि शेवटी सुस्कारा टाकतात, कारण पार्किंग आहे तिथे त्यांचीच विहीर होती. मी लोणी काळभोरच्या एका कॉलेजात ग्रंथालय सांभाळते. दिवसभर पोरांना 'हळू बोला' म्हणून दटावणं हीच माझी मुख्य नोकरी. तुम्ही हे ऐकून हसला असतात, म्हणजे तुम्हाला ऐकू आलं असतं तर.

शाळेच्या पालकसभेनंतर बाईंनी मला मागे थांबवून घेतलं. "मुलगी गुणी आहे हो तुमची, पण ऐकत नाही," म्हणाल्या. "म्हणजे दंगा नाही, उलट उत्तर नाही. सांगितलं की हो म्हणते आणि मग स्वतःचंच काहीतरी करत बसते. वही काढा म्हटलं तर डबा काढते. घरी जरा लक्ष द्या." मग जाता जाता त्यांनीच सुचवलं, "मोबाईल मुळीच देऊ नका, पण ते शिकवणारे छोटे गेम मिळतात ना, हातात धरायचे, त्यातला एखादा घ्या. एका जागी बसायची सवय लागते." मला राग आला होता. घरी तर उलटाच अनुभव होता. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "एका शब्दात ऐकती माझी नात. नाही म्हणून ठाऊकच नाय तिला." आता यातलं खरं कुठलं, असा प्रश्न मला पडायला हवा होता. तो न पडता मी रोज शाळेत सोडताना तिला बजावू लागले, 'बाईंचं ऐकत जा.' ती मान वर करून, माझ्याकडे टक लावून बघत म्हणायची, "हो."

तुमचे जावई कुठलीही वस्तू अभ्यास केल्याशिवाय घेत नाहीत, हे तुम्ही आमच्या लग्नाचे बूट निवडायला त्यांनी लावलेल्या दिवसांवरून ओळखलं होतंत. आठवडाभर त्यांनी फोनवर वाचन केलं. पडदा केवढा, डोळ्यांना त्रास होतो का, पडला तर फुटतो का, इंटरनेट लागतं का, मध्येच जाहिराती येतात का, बॅटरी किती टिकते, आवाज कमी-जास्त होतो का. जेवताना ते हे मला वाचून दाखवायचे आणि सासूबाई भाकरी थापता थापता म्हणायच्या, "कशाला पायजे ते डबडं? खाली मातीत सोडा की पोरीला." मराठी बोलणारा एक गेम सापडला. त्यातल्या बाई 'ळ' म्हणायच्या जागी 'ल' म्हणत होत्या. 'बाला, फल ओलख.' तो मी तिथल्या तिथे बाद केला. पोरगी काही शिकली नाही तरी चालेल, पण आमच्या घरात फल नको. शेवटी असं ठरलं की दुकानात जाऊ, तिच्या हातात देऊन बघू, आणि तिला जो आवडेल तो घेऊ. तुम्हीही हेच म्हणाला असतात, असं मला उगाचच वाटलं.

शनिवारी दुपारी मी तिला घेऊन कॅम्पात गेले. हे सोबत नव्हते, त्यांची सुट्टी रद्द झाली होती. जुनं खेळण्यांचं दुकान, मालक वयस्कर, चष्मा कपाळावर, आणि गिऱ्हाईक आलं म्हणजे आपल्याला त्रास द्यायलाच आलं असा चेहरा. त्यांनी काचेवर तीन गेम मांडले. "हा इंग्रजी बोलतो. हा हिंदी-इंग्रजी दोन्ही बोलतो. आणि हा काहीच बोलत नाही. न बोलणारं हल्ली कुणी घेत नाही, तुम्हाला दाखवायचा म्हणून दाखवला." तिने आधी तो न बोलणाराच उचलला. पडद्यावर आकृत्या येत होत्या, एक जागा रिकामी, खाली तीन पर्याय. ती भराभर सोडवत सुटली. एकदाही चुकली नाही. मालकांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "पोरगी हुशार आहे," असं ते म्हणाले, आणि माझी मान ताठ झाली. मग त्यांनी दुसरा तिच्या हातात दिला.

त्या गेममधली बाई गोड आवाजात, सोप्या हिंदीत विचारत होती, लाल चेंडू कुठे आहे, तीन बदकं कुठे आहेत. चित्रं सोपी होती, बालवाडीतली. तुमची नात पडद्याकडे बघेना. तिने दुकानदारांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग एक बटण दाबलं. गेमने नकाराचा आवाज काढला. तिने दुसरं दाबलं. मग सगळीच दाबली. दुकानदार वाकून म्हणाले, "आवडला का बाळ?" ती म्हणाली, "हो." मी विचारलं, "अगं, त्या बाईंनी काय विचारलं?" ती म्हणाली, "हो." आणि ती हसली. अण्णा, ते हसू मी ओळखलं. हनुवटी जरा वर, नजर समोरच्याच्या ओठांवर, समोरच्याचं बोलणं संपलं की क्षणभर थांबून, बेताने आलेलं ते हसू. मी तिच्या पाठीमागे जाऊन उभी राहिले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "चल, आइस्क्रीम खायला जायचं?" ती काचेवरच्या गेमकडे बघत उभी राहिली. मी पुन्हा म्हणाले. दुकानदार म्हणाले, "मॅडम, ती नसेल येत तर मी येतो." मला त्यांचा राग आला नाही. त्यांना काय माहीत, दुकानात त्या क्षणी काय चाललं होतं.

तुमचं ते 'हो' आम्ही सगळ्यांनी ऐकलेलं होतं. खडकी बाजारातल्या आपल्या दोन खोल्या, बाहेर सायकल, आणि तुम्ही कारखान्यातून घरी आलात की हातपाय धुऊन चहाला बसलेले. दिवसभर पॉवर प्रेसवर पत्रा ठोकला जायचा तिथे तुम्ही उभे असायचात. कानात कापसाचे बोळे घालायचात आणि घरी आल्यावर आधी ते काढायचात. त्याने काय होणार होतं. तुम्ही कधी कुणाला सांगितलं नाहीत की कमी ऐकू येतं म्हणून. तुम्ही फक्त 'हो' म्हणू लागलात. अण्णा, सहलीला जाऊ? हो. अण्णा, पाऊस आहे, छत्री नेताय ना? हो, आणि छत्री कोपऱ्यातच. आई कातावून म्हणायची, "ह्यांना ऐकायचंच नसतं. आपल्याच तंद्रीत." आणि शेजारपाजारी बोललं जायचं की हा माणूस भला आहे पण कुणाचं ऐकत नाही. आपल्या भाषेत कानाने ऐकणं आणि सांगितलेलं करणं, दोन्हीला एकच शब्द आहे. त्या एका शब्दात तुमचा दोष कुठला आणि तुमचं दुखणं कुठलं, हे कुणी वेगळं करून बघितलं नाही. शाळेतल्या बाईंनीही तोच शब्द वापरला आणि मीही तोच घेऊन पोरीला दटावत राहिले.

मला पाहायला पेठेतली ती मंडळी आली होती, तो दिवस आठवतो? मी ताटल्या घेऊन बाहेर येते आहे. मुलाचे काका खुर्चीत, तुम्ही समोर पलंगाच्या कडेवर, नवा शर्ट घालून. काका विचारतात, "मुलगी लग्नानंतर नोकरी सोडेल ना?" तुम्ही म्हणता, "हो, हो." मी तिथेच थबकते. आई दारातून तुम्हाला खुणा करते आहे, पण तुमची नजर काकांच्या ओठांवर आहे. काकांना मिशा आहेत, भरघोस, त्यामुळे ओठ दिसत नाहीत, हे मला आज कळतं. त्यांना शंका येते. "की नोकरी करावी असं आपलं म्हणणं आहे?" "हो, अगदी," तुम्ही म्हणता. काकांनी बशी खाली ठेवली. "अहो, आपण आमची थट्टा करताय का?" आणि तुम्ही हनुवटी वर करून, हसून म्हणालात, "हो." मंडळी पोहे अर्धे टाकून उठली. पेठेतल्या माणसाला थट्टा करता येते, सहन होत नाही. पुढे कितीतरी वर्षं घरात ही गोष्ट निघाली की आम्ही हसून हसून लोळायचो आणि तुम्हीही हसायचात, कारण सगळे हसत होते.

त्या संध्याकाळी मात्र तुम्ही बाहेर पायरीवर बसून होतात. काहीतरी आपल्यामुळे बिघडलं एवढं तुम्हाला कळलं होतं, काय बिघडलं ते कळलं नव्हतं, आणि विचारणं तुमच्या स्वभावात नव्हतं. मी तुमच्याजवळ आले. मला सांगायचं होतं की मला तो मुलगा आवडलाच नव्हता, बरं झालं ते गेले, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. पण हे ओरडून सांगायला लागलं असतं. चाळीतल्या सगळ्या दारांना पडदे होते, भिंती नावाला होत्या. 'मनाला लावून घेऊ नका' हे वाक्य ओरडून म्हणून बघा, ते भांडणासारखं ऐकू येतं. मी तोंड उघडलं आणि खच्चून म्हणाले, "अण्णा, जेवायला चला." तुम्ही उठलात. आपलं सगळं बोलणं असंच झालं. पाणी आलं, गॅस संपला, दार लावा, जेवायला चला. मायेचं असं काही मी तुमच्याशी कधी बोलू शकले नाही, कारण ते बोलायला आवाज खाली आणावा लागतो आणि खालचा आवाज तुमच्यापर्यंत पोचत नव्हता.

एक मात्र होतं. तुम्ही मला तो पाण्याचा गेम आणून दिला होतात. निळं प्लॅस्टिक, आत पाणी, पाण्यात रंगीत कड्या आणि दोन खुंट्या. बाजूचं बटण दाबलं की पाणी उसळायचं, कड्या वर उठायच्या आणि हळूहळू खाली येताना खुंटीत अडकवायच्या. कुठली बॅटरी नाही, कुठला आवाज नाही. तुम्ही आणि मी पायरीवर बसून आळीपाळीने खेळायचो. माझी कडी अडकली की तुम्ही माझ्या डोक्यावर टपली मारायचात, तुमची अडकली की स्वतःच्या. तासन्‌तास एक शब्दही नाही आणि कुणाला काही कमी पडलं नाही. दुकानातून परत येताना रिक्षात मला तो आठवला आणि मी रडायला लागले. तुमच्या नातीने माझं तोंड दोन्ही हातांनी स्वतःकडे वळवलं. मला वाटलं, रडू नको म्हणतेय. ती माझे ओठ बघत होती, मी काही बोलतेय का म्हणून.

कान तपासायच्या खोलीला जाड दार होतं. तिच्या कानांवर हेडफोन, मांडीवर लाकडी ठोकळे आणि समोर डबा. ऑडिओलॉजिस्ट बाईंनी तिला खुणेने समजावलं, आवाज आला की एक ठोकळा डब्यात टाकायचा. पहिले दोन-तीन तिने छान टाकले. मग बाईंच्या लक्षात आलं की ती त्यांच्या हाताकडे बघून टाकते आहे, हात यंत्रावर हलला की ठोकळा. त्यांनी पाठ फिरवली. मी भिंतीला टेकून बसले होते. मला हेडफोनमधलं काही ऐकू येत नव्हतं, मला फक्त ती दिसत होती. तिने ठोकळा गालाजवळ धरला आणि थांबली. बाईंचा हात यंत्रावर हलत होता हे मला दिसत होतं, म्हणजे आवाज जात होता. ती थांबलेलीच. अतिशय मन लावून, श्वास धरून. कुणी म्हणेल का की या मुलीचं लक्ष नसतं? अण्णा, इतकं लक्ष देऊन काहीच न ऐकणारं माणूस मी दुसऱ्यांदा बघत होते.

दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. बाई म्हणाल्या, अगदी नाही असं नाही, पण बोलण्यातली निम्मीशी अक्षरं तिच्यापर्यंत पोचत नाहीत, आणि हे बहुधा हळूहळू होत गेलं असावं. "हुशार मुलांचं असं लवकर कळत नाही. ती तोंड बघून, अंदाज बांधून वेळ मारून नेतात. तुमची तर फारच हुशार दिसते." तिचं बोबडं बोलणं आम्हाला गोड वाटायचं. ती ऐकत होती तसंच बोलत होती, इतकंच. मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला? मी लगेच म्हणाले, "माझ्या वडिलांना." कशामुळे, त्यांनी विचारलं. मी प्रेसचं सांगितलं. "मग ते वेगळं, त्याचा इथे संबंध नाही," असं म्हणून त्या पुढच्या प्रश्नाकडे वळल्या. त्यांचं बरोबरच होतं. तरी मला वाईट वाटलं. इतक्या वर्षांनी कुणीतरी तुमच्याबद्दल विचारलं होतं आणि मला अजून सांगायचं होतं.

घरी सांगितलं तेव्हा सासूबाई आधी चिडल्या. "लहान लेकराच्या कानात मशीन? पोरीची जात हाय. लोकं काय म्हणतील?" मग त्या आत जाऊन बसल्या. मी पाणी घेऊन गेले तर डोळे पुसत होत्या. म्हणाल्या, "मी आपली सांगत फिरले गं, एका शब्दात ऐकती म्हणून." मी म्हणाले, "अहो आई, सगळेच फिरलो." दुसऱ्या दिवशी बघते तर तुमचे जावई पुन्हा फोनवर गेमचंच वाचत होते. मी चिडले, म्हणाले, "आता कसला गेम घेऊन बसलाय?" ते म्हणाले, "मला दुसरं काय करता येतं? कानाचं डॉक्टर बघतील. हे तरी मी नीट निवडतो." मी त्यांच्या शेजारी बसले आणि आम्ही दोघांनी मिळून पहिल्यापासून सुरुवात केली.

आता प्रश्नच वेगळे झाले होते. ह्यांचं म्हणणं, बोलणाराच घ्यावा, स्पष्ट आवाजाचा, म्हणजे मशीन लावल्यावर तिला सराव होईल. माझं म्हणणं, न बोलणारा घ्यावा. दुकानात ती एकदाही चुकली नव्हती, ते सुख मला तिच्याकडून काढून घ्यायचं नव्हतं. दिवसभर शाळेत, घरात, रस्त्यावर ती अंदाज बांधत जगते, निदान एका ठिकाणी तरी तिला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागू नये. आम्ही दोघं यावरून खरंच भांडलो. शेवटी ऑडिओलॉजिस्ट बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "कुठलाही घ्या, पण तिला तो देऊन तुम्ही स्वयंपाकघरात जाऊ नका. गेमला तोंड नसतं. तिला तुमचं तोंड दिसायला हवं, जवळून, उजेडात." मग आम्ही जो घेतला त्यात आवाज बंद करता येतो, आणि चित्रांना आपल्या आवाजात शब्द भरता येतात. ह्यांनी पपई, पतंग, बैल असे शब्द अगदी बातम्या दिल्यासारखे भरले. सासूबाईंनी आधी नकार दिला, मग 'ळ'ची सगळी चित्रं त्यांनी मागून घेतली. केळं, कमळ, टाळ, बाहुली सुद्धा. बाहुलीत 'ळ' नाही म्हटलं तर म्हणाल्या, "नसू दे, मला पायजे."

कानांचं माप दिलं, मशीनं आली. पहिल्या दिवशी तिने ती काढून भांड्यांच्या रॅकमागे टाकली, कारण कुकरच्या शिट्टीने ती घाबरली होती. दुसऱ्या आठवड्यात ती नळ उघडायची, बंद करायची, उघडायची. मी बंद करायला गेले नाही. गेम ती सुरुवातीला बिनआवाजाचाच खेळायची. एकदा तिने स्वतःच आवाज चालू केला, कमळाचं चित्र दाबलं, आजीचा आवाज आला, आणि तिने गेम उलटा करून मागे बघितलं, आजी कुठे बसलीय म्हणून. सासूबाई समोरच भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "कमळ." तिने त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "काय?"

अण्णा, तो शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. आमच्या घरात, तुमच्या घरात, सगळ्या घरांत पोरांना शिकवतात की मोठ्यांनी हाक मारली तर 'ओ' म्हणावं, 'काय' म्हणू नये, उद्धट दिसतं. सासूबाई सवयीने बोलून गेल्या, "काय म्हनू नये बाळ." मी हातातलं काम टाकून म्हणाले, "म्हणू द्या. आई, तिला म्हणू द्या, हवं तितकं म्हणू द्या." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग भाजीचं ताट बाजूला सारून, नातीच्या पुढ्यात सरकून बसल्या आणि म्हणाल्या, "कमळ." ती म्हणाली, "काय?" त्या पुन्हा म्हणाल्या. त्या दिवसापासून घरात 'ओ' बंद आहे. शेजारच्या बाईंनी मला हळूच सुचवलं की तुमची मुलगी जरा तोडून बोलते. मी त्यांचे आभार मानले, मनापासून. तुम्ही साऱ्या आयुष्यात एकदा जरी आम्हाला 'काय?' म्हणाला असतात तर आईला कळलं असतं, मला कळलं असतं. पण तुम्हाला वाटत असणार, एकदा विचारलं तर पुन्हा विचारावं लागेल, आणि तिसऱ्यांदा समोरचा वैतागेल. तुम्ही आमचा वैताग वाचवत राहिलात.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. तुम्हाला पोचणार नाही हे मला माहीत आहे, आणि आई आता थकलीय, तिला वाचून दाखवलं तर ती रडेल. लिहिलं एवढ्याचसाठी की लिहिताना ओरडावं लागत नाही. पायरीवर जे राहिलं ते सांगून टाकते: तो मुलगा मला आवडला नव्हता, बरं झालं ते लोक उठून गेले, आणि त्या नव्या शर्टात तुम्ही फार छान दिसत होतात.

आणि एक. मी इतकं सगळं शहाण्यासारखं लिहिलं, पण काल संध्याकाळी ती गेम घेऊन बसली होती आणि मी खिडकीतून तिला म्हणाले, "बघ, उसात किती बगळे उतरलेत." ती म्हणाली, "काय?" मी पुन्हा सांगितलं. "काय?" माझ्या हाताला कणीक होती, कॉलेजातून नुकतीच आले होते, दमले होते. तिसऱ्यांदा तिने विचारलं तेव्हा मी म्हणाले, "काही नाही." ती म्हणाली, "हो." आणि मान खाली घालून खेळायला लागली. मग मी हात तसाच घेऊन तिच्यासमोर जमिनीवर जाऊन बसले, तिची हनुवटी वर केली आणि सांगितलं. आम्ही दोघी खिडकीपाशी गेलो, तोवर बगळे उडून गेले होते.